एकोणचाळिसावे ठिकाण

फेब्रुवारीतले ऊन आमच्या अंगणात एकदम येत नाही. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला लागते आणि तिथे बराच वेळ रेंगाळते. मग शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींतून झिरपून खाली उतरते, आणि पेरूच्या झाडाची सावली ओट्याच्या तिसऱ्या फरशीपर्यंत आली की साडेसात झालेले असतात. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असल्यामुळे हवेत जळक्या पाचटाची केसासारखी बारीक राख तरंगत असते. ती फक्त या उन्हात दिसते. एरवी वाळत घातलेल्या कपड्यांवर सापडते. सर्वांत शेवटी ऊन आमच्या मोटारीच्या पुढच्या काचेवर येते, आणि मग काचेच्या डाव्या बाजूला वाटीच्या तोंडाएवढे एक वर्तुळ उमटते. आबांच्या दिशादर्शक यंत्राची रबरी वाटी जिथे चिकटलेली असे, तिथला तो डाग. तीन वर्षांत मी ती काच असंख्य वेळा धुतली आहे. दुपारी डाग नसतो. सकाळी असतो.

आबा म्हणजे माझे वडील, बाजीराव लोंढे. एसटीत तीस वर्षे चालक होते. आगारात बॉनेट अंगावर पडून त्यांच्या उजव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडीच जुळली. निवृत्तीनंतर त्यांनी ही मोटार घेतली, आणि तिच्यासाठी बाजारातले सर्वांत स्वस्त यंत्र. त्यातली बाई मध्येमध्ये बोलते म्हणून त्यांनी तिचा आवाज कायमचा बंद करून टाकला होता. ठिकाण साठवण्याची एकच रीत त्यांना ठाऊक होती: पाहुण्याच्या दारात मोटार उभी करायची आणि 'ही जागा' लिहिलेले बटण त्या वाकड्या करंगळीने दाबायचे. अशी अडतीस ठिकाणे त्यांनी साठवली. यंत्रात नुसते आकडे होते. कोणता आकडा कोणाचे घर, ते एका वहीत. एक म्हणजे आमचे घर.

तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका दुपारी ते बारामतीहून निघाले. संध्याकाळी मोटार सणसरजवळ कालव्याच्या भरावावर मिळाली. दारे बंद, किल्ली आत. माणूस सापडला नाही. सापडला नाही, असेच मी सर्वांना सांगत आलो.

आता माझ्या बहिणीचे, करुणाचे, लग्न ठरले होते. आमच्या बौद्ध घरांत पत्रिकेवर दिवंगत माणसाच्या नावाआधी 'कालकथित' असे छापतात. आईने तसेच छापायला सांगितले होते. छापखान्यात मसुदा तपासायला मी गेलो आणि तो शब्द खोडून आलो. पत्रिका आल्या. निमंत्रक : श्री. बाजीराव केरू लोंढे. आईने त्या नावावरून नुसता अंगठा फिरवला.

"अनुप, एकदा काय ते ठरव, बाळा," ती म्हणाली. "म्हंजी मी रातचं दाराला कडी तर लावीन."

तीन वर्षे तिने कडी लावलेली नाही. मी मान खाली घालून पत्रिकांची पिशवी मोटारीत नेऊन ठेवली. शेजारच्या सीटवर ठेवली, तर मोटारीला वाटले की माणूसच बसला आहे. पट्टा लावा म्हणून तिने टिंग टिंग सुरू केले. मी पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि ती गप्प झाली.

*

माझा मित्र मुबीन याचे भिगवण रस्त्यावर मोटारींच्या साजसामानाचे दुकान आहे. फोन अडकवण्याचा स्टँड घ्यायला मी त्याच्याकडे गेलो, आणि भीत भीतच कपाटातून काढलेले आबांचे यंत्र काउंटरवर ठेवले.

"हे डबडं अजून जिवंत आहे?" मुबीनने ते उलटेसुलटे करून पाहिले. "अनुपराव, तुम्ही कॉलेजात प्रयोगशाळेत आहात की वस्तुसंग्रहालयात? फोन लाव. गर्दी सांगतो, बंद रस्ता सांगतो, फुकट आहे."

"फोन गावापर्यंत नेतो. वस्तीवरचं घर त्याला कुठं माहीत असतं?"

"माणसं कशाला ठेवलीत मग? काच खाली करायची, विचारायचं." मग हसला. "तू विचारणार नाहीस म्हणा. तुला पत्ता विचारायचीपण लाज."

ते खरे होते. मी दोन्ही वापरायचे ठरवले. फोन उन्हात तापतो, मध्येच कोणाचा तरी कॉल येऊन नकाशा झाकतो, आणि नेट गेले की आंधळा होतो. या यंत्रात सिम नाही, नेट नाही. ते फक्त आकाशातल्या उपग्रहांचे ऐकते आणि स्वतःच्या पोटात जे आहे तेवढेच दाखवते. बाहेरून त्यात कोणाला काही घालता येत नाही. त्या वेळी हा मला त्याचा गुण वाटला.

मुबीनने रबरी वाटी ओली करून काचेवर दाबली. ती बरोबर त्या डागावर बसली.

"दोन सुना एका चुलीवर ठेवतोयस," तो म्हणाला. "भांडल्या तर माझ्याकडं येऊ नको."

*

पहिले घर सांगवीचे, वहीत दोन नंबरचे. बारामती सोडताना मी सवयीने दोन्ही पडद्यांवरचे आकडे पाहिले. फोन म्हणत होता, नऊ किलोमीटर उरले. यंत्र म्हणत होते, पाच.

स्वस्त यंत्र चुकते, पण दहावीस मीटरने. आणि नेहमी मागे राहते, कारण उपग्रहांशी जुळायला त्याला वेळ लागतो. हे पुढे होते. त्याच्या पडद्यावरचा बाण आमच्या पुढे चार किलोमीटरवरून त्याच रस्त्याने, त्याच वळणांनी चालला होता. मी त्याची मनात नोंद केली. नोंद केली की भीती कमी होते, असा माझा अनुभव होता.

फोनने मला गावातल्या पारापाशी सोडले. यंत्राने उसाच्या दोन पट्ट्यांमधून आक्काआत्याच्या दारात नेले. ही आबांची थोरली बहीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यावर बसली होती.

"अनप्या व्हय? ये. आता तू कशाला आलास रं? पत्रिका पोचली की."

"कोणी दिली?"

"कोण म्हंजी? बाजीराव आला हुता. आत ये म्हनलं तर न्हाय आला. पानी दिलं, नगं म्हनला." तिने पदराआडून पाकीट काढले. त्यावर माझ्याच अक्षरात तिचे नाव होते.

मी मोटारीत येऊन पिशवी उपसली. सांगवीचे पाकीट तिच्यात नव्हते. कोणीतरी गावाकडे येणारा काल घरी आला असेल, आईने त्याच्या हाती दिले असेल, आणि आत्याला दिसत नाही. मी हे स्वतःला मोठ्याने सांगितले. मोटारीत माझा आवाज फार लहान वाटला.

सणसरला जाताना कालव्याच्या भरावाकडे मी पाहिले नाही. फोनचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांत आता दोन किलोमीटरचा फरक होता.

तिथल्या चुलतभावाच्या घरात नवी सून आलेली होती, श्रेया. मागच्याच वर्षी लग्न झालेली, पुण्याकडची. तिने आबांना कधीही पाहिलेले नव्हते. दारात येऊन ती संकोचाने हसली.

"अहो, आत्ताच देऊन गेले की ते. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. खाकी शर्ट होता. मी बसा म्हटलं, पाणी आणलं, तर दोन पावलं मागंच सरले." ती जरा थांबली. "पाण्याला घाबरल्यासारखे. मला वाटलं, मी काही चुकले का."

"हात पाहिलात का त्यांचा?"

प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. तरी तिने उजवा हात पुढे करून पत्रिका धरल्याचा आविर्भाव केला, आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकवून दाखवली.

उंबऱ्यावर स्टीलचा तांब्या तसाच होता. काठोकाठ भरलेला.

*

प्रयोगशाळेत एखादा आकडा पटेनासा झाला की एक उपकरण बाजूला काढतात आणि दुसऱ्यावर पुन्हा मोजतात. मी यंत्र बंद केले. त्याची तार उपटली. लासुर्ण्यापर्यंत फक्त फोनवर गेलो, काच खाली केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाच अनोळखी माणसांना पत्ता विचारला.

तात्याबांचे घर. आबांच्या एसटीतले जुने वाहक, भावकीतलेच. वहीत त्यांचा नंबर नऊ होता. ते बाजेवर बसून शेंगा फोडत होते. पिशवीत त्यांचे पाकीट होते. त्यांच्याकडे कोणीही आलेले नव्हते. मला इतके हलके वाटले की मी दोन तांबे पाणी प्यालो.

त्यांनी चष्मा लावून पत्रिका सावकाश वाचली. बोट एका ओळीवर थांबले.

"हितं कालकथित न्हाय घातलं?"

"आबा सापडलेले नाहीत, तात्या. कसं घालणार?"

"तुज्या आईला इचारलंस?"

मी पिशवीचे बंद आवळले.

"हे बघ पोरा," ते म्हणाले, "निमंत्रक म्हनून ज्याचं नाव छापलं, त्यानं सोता दारात येऊन बोलवायचं, ही आपल्यातली रीत. पोरानं पत्रिका टाकली तर लोक म्हंत्यात, बाप का न्हाय आला? मेलेल्या मानसाच्या नावाम्होरं त्यो शबुद लिवला की त्याच्यावरचं वझं उतरतं. त्याला कुनी वाट बघाय लावत न्हाय." शेंगेचे टरफल त्यांनी खाली टाकले. "तू तर त्याला कामाला लावलंस की."

ते हसले. मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, "मग बाजीराव कवा येतोय म्हनायचा?"

*

यंत्र पुन्हा लावायचे नाही, असे मी ठरवले होते. पण जंक्शन नावाचे गाव ओलांडले आणि काचेवरच्या उन्हात फोनने तापल्याची खूण दाखवली, पडदा काळा केला, आणि तो बंद पडला. अंथुर्ण्याची वस्ती कोणत्या फाट्याने आत जाते ते मला माहीत नव्हते. रस्त्यावर विचारायला कोणी नव्हते. दुपारचा एक वाजला होता, आणि दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाची खोडकी दूरवर पसरली होती. एवढ्या उघड्या, पांढऱ्या उन्हात भीती वाटावी याचीच मला लाज वाटली. मी तार जोडली.

एरवी उपग्रह शोधायला त्याला बारा मिनिटे लागत. ते लगेच उजळले.

तुलनेला आता फोन नव्हता. पण रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड होता. बाण त्या दगडाच्या पुढे साधारण तीनशे मीटरवर होता. मी तीनशे मीटरवर पाहिले. डांबर, बाभळ, उन्हाची थरथर. माणूस नव्हता.

वस्तीवरच्या घराला कुलूप होते. कडीत पाकीट खोचलेले होते. माझे अक्षर. कागद हातात घेतला तर मऊ लागला, जसा पाण्यातून काढून वाळवलेला कागद लागतो.

मी पिशवी उघडली नाही. तिच्यात काय नसणार ते मला कळले होते.

परत रस्त्याला लागलो, तेव्हा यंत्रातली यादी आपोआप सरकली होती. अडतीसच्या खाली आणखी एक ओळ होती. एकोणचाळीस.

मी मोटार बाजूला घेतली. वही काढली. वहीत अडतीसच होते. यंत्रात ठिकाण साठवायचे, तर यंत्र त्या जागी उभे असावे लागते आणि कोणालातरी बटण दाबावे लागते. मोटार पोलिसांकडून परत आली, त्या दिवसापासून हे यंत्र आमच्या कपाटात, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले होते.

बाण दीडशे मीटरवर थांबला होता. वाट पाहत असल्यासारखा.

मी निघालो. मी वेग वाढवला की तो पुढे जात नव्हता. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपाशी अंतर शंभर झाले. मग साठ.

मग चाळीस. समोरून उसाची ट्रॉली आली. तिच्या चालकाने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मोटारीच्या पुढे काहीतरी पाहिले, आणि ट्रॉली पार मातीत उतरवून वाट दिली.

वीस.

मी ब्रेक दाबला. मोटार थांबली. बाण थांबला नाही. तो उलटा, सावकाश, आमच्याकडे आला.

शून्य.

कुठलेच दार उघडले नाही.

टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटचा पट्टा लावा, असे मोटार म्हणत होती. पिशवी मागे होती. सीट रिकामी होती.

*

इंदापूर गावात शिरण्याआधी एक कच्ची वाट माळाकडे वळते. यंत्राने ती दाखवली, आणि मी मुकाट्याने वळलो. ती दाखवायची यंत्राला गरज नव्हती. ही वाट मला ठाऊक होती.

ही एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. आबा गेल्याला नऊ दिवस झाले, तेव्हा इंदापूरहून मला फोन आला होता. कालव्यात खाली वाहत आलेला एक मृतदेह मिळाला होता. मी एकटाच गेलो; आईला कॉलेजला जातो म्हणून सांगितले. हवालदाराने चादर बाजूला केली. नऊ दिवस पाण्यात राहिलेला तो चेहरा कोणाचाही असू शकला असता. "ओळख पटतीय का?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो. तो भला माणूस होता. त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणालो. ज्यांची ओळख पटत नाही त्यांना कुठे पुरतात, ते त्याने मला बाहेर येऊन हाताने दाखवले होते. हीच वाट.

लिंबाखाली यंत्राने बाण थांबवला. ठिकाण : एकोणचाळीस. मातीचे पाचसहा उंचवटे होते. प्रत्येकापाशी रंगाने आकडा घातलेला दगड. मी खाली उतरलो नाही. काच वर होती आणि पाचट जळाल्याचा वास आत येत होता.

टिंग. टिंग.

सावलीत फोन निवला होता. मी तो चालू केला, आणि रेंजच्या दोन खुणा भरताच तो वाजला. आई.

"अनुप, कुठं हायस रं?" तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. असा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. "सांगवीच्या आक्काचा फोन आला हुता. सणसरनं बी केला. तुझे आबा पत्रिका दिऊन गेले म्हंत्यात. खरं हाय का? आं?"

माझी नजर शेजारच्या सीटवर गेली.

"गप का? तुज्यासंगं हायत का ते?" मागे भांड्यांचा आवाज झाला. "मी तांदूळ टाकू का? दार उघडंच हाय. किती वेळ लागंल तुमाला?"

काचेवरच्या यंत्रातली यादी, माझा हात न लागता, पार वरपर्यंत सरकली. ठिकाण : एक. अंतर बावन्न किलोमीटर. पाहुण्यांची घरे झाली की निमंत्रकाला आपल्या घरी जायचे असते.

मोटारीचा आवाज मला सहन होईना. शेजारच्या सीटचा पट्टा मी ओढला आणि रिकाम्या सीटवरून घेऊन खटक्यात अडकवला. आवाज थांबला.

पट्टा सीटला टेकला नाही. पाठीपासून वीतभर पुढे, ताणलेला राहिला, आणि हळूहळू वर-खाली होऊ लागला.

"अनुप? टाकू का तांदूळ?"

"नको, आई," मी म्हणालो. "तांदूळ टाकू नको."

"का रं?"

"तीन वर्षांपूर्वी इंदापूरला मला एक माणूस दाखवला होता. मी नाही म्हणून आलो." पट्टा हलायचा थांबला. "त्याचा उजवा हात चादरीबाहेर होता, आई. करंगळी वाकडी होती. ते आबाच होते."